ओव्हनच्या दारापर्यंत गार

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळी झाल्यावरच होणार, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. डॉक्टर ऑक्टोबर म्हणत होते. ही म्हणाली, "दिवाळीत मी कॉटवर पडून राहू होय? फराळाचं कोण बघणार?" २०२३ सालची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. मी पहिल्या आठवड्यात मिशिगनहून निघायचं, मिरजेला पोचायचं आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिच्याजवळ राहायचं, असं ठरलं. तिकीट काढून झालं, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघताना ध्यानात आलं की थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा अमेरिकेतला सण, यंदा घरात माझ्याविना होणार.

त्या दिवशी आमच्याकडे टर्की नसते. मसालेभात, भरली वांगी, टोमॅटोचं सार आणि सगळ्यांत शेवटी ॲपल पाय, म्हणजे खालीवर पारी लावून, मध्ये सफरचंदाचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. शेजारच्या आजी जेवायला येतात. मला पाय शिकवला तो त्यांनीच. आता त्यांची पंचाहत्तरी उलटली, हात थरथरतो, लाटणं धरवत नाही. त्यामुळे आमच्या घरच्या पायवर त्यांचाही हक्क आहे, आणि तो मला मोडायचा नव्हता. मी ऑक्टोबरातच चार पाय करून गोठवून ठेवायचे ठरवले. दोन थँक्सगिव्हिंगला, एक आजींच्या फ्रीझरमध्ये, एक राखीव.

हे मी बेधडक ठरवू शकले, कारण आधीचे चार हिवाळे मी पाय गोठवत होते आणि काय काय बिघडू शकतं ते बघून बसले होते.

पहिल्या वर्षी, २०१९ला, मी पूर्ण भाजलेला पाय गोठवला. पुरणपोळ्या भाजून फ्रीझरमध्ये टाकतो, लागतील तशा काढून तव्यावर गरम करतो, तसंच याचं होईल असं वाटलं. आदल्या रात्री काढून ओट्यावर ठेवला. सकाळी वरची पारी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती. सुरी घातली तर तळाची पारी सुरीलाच चिकटून आली आणि ताटलीत पाणी उतरलं. चव होती. पण पायची निम्मी मजा जिभेवर असते आणि निम्मी दाताखाली, आणि दाताखाली काहीच उरलं नव्हतं.

का झालं ते नंतर समजलं. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणीच असतं. ते गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि फळाच्या पेशी फाडतात. वितळलं की त्या फाटक्या पेशींमधून रस मोकळा होतो. सारण आळायला मी कॉर्नफ्लोअर घातलं होतं. त्याची खळ गोठून वितळली की फुटते, धरून ठेवलेलं पाणी सोडून देते. म्हणजे रस दोन्हीकडून आला आणि तळाच्या पारीनं तो रात्रभर प्याला. अशा पायला वितळल्यावर १७५ अंश सेल्सियसला वीस-पंचवीस मिनिटं पुन्हा ओव्हन दाखवला तर वरची पारी बरीचशी सावरते. तळाचं मात्र गेलं ते गेलं.

आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पाय कच्चाच गोठवायचा असतो, आणि तो वितळू द्यायचा नाही. फ्रीझरमधून निघाला की थेट ओव्हनमध्ये.

मला ते उलटंच वाटलं. बर्फाचा गोळा भट्टीत घालायचा? पण त्यातच सगळी गोम आहे. ओव्हन कडक तापलेला असतो. तळाला तापलेल्या पत्र्याचा चटका बसतो आणि बाहेरची पारी शिजून धरायला लागते, तेव्हा मधलं सारण अजून दगडासारखं असतं. त्याचा रस सुटेपर्यंत पारी भाजून तयार. ओट्यावर वितळवला की हाच क्रम उलटा होतो. रस आधी सुटतो, कच्चं पीठ तो पितं, आणि मग तो चिखल कितीही भाजा.

दुसऱ्या वर्षी मी आजींचं तंतोतंत ऐकलं, फक्त भांडं चुकलं. पाय जाड काचेच्या भांड्यात लावून गोठवला होता. तो तसाच तापल्या ओव्हनमध्ये सरकवला. तिसऱ्या मिनिटाला आतून फटकन आवाज आला. काच मधोमध तडकली होती आणि तिचे बारीक कण पारीवर उडाले होते. थंडगार काचेला एकदम उष्णता लागली की ती सगळीकडे सारखी प्रसरण पावत नाही, तडकते. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती आणि ओव्हनच्या दारासमोर पाट घेऊन बसली होती. दार बंद होतं म्हणून निभावलं. सबंध पाय कचऱ्यात गेला. तेव्हापासून गोठवायचा पाय मी फक्त ॲल्युमिनियमच्या ताटलीत लावते.

आता पारीचं. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझा हात करंजीचा आहे, आणि तो हात बदलायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

करंजीच्या पारीला आपण मोहन घालतो ते कडकडीत. मैद्यावर ओतलं की चर्र आवाज आला पाहिजे, मग हातानं चोळून मूठ वळतेय का ते बघायचं. तूप पिठाच्या कणाकणाला लागतं आणि पारी खुसखुशीत होते. पायच्या पारीला हे सगळं विसरावं लागतं. बटर फ्रीजमधून काढलेलं, घट्ट. त्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तुकडे म्हणूनच राहिले पाहिजेत. पाणी बर्फाचं, चमच्या-चमच्यानं. मळायचं नाहीच, नुसतं गोळा करायचं. इथल्या साध्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. ओव्हनमध्ये प्रत्येक तुकड्यातल्या त्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाचा पापुद्रा उचलते. बटर आधीच वितळून पिठात मुरलं तर वाफेला उचलायला काही राहतच नाही. माझे तळवे गरम आहेत. करंजीला ते चालतात, इथे नाही. म्हणून मी दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या वाडग्यात पीठ घेते आणि बटर किसणीवर किसते. फार बारीक नाही, जाड भोकांच्या बाजूनं.

एका पायच्या दोन पाऱ्यांना साधारण ३०० ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम बटर, चमचाभर मीठ आणि सहा ते आठ मोठे चमचे बर्फाचं पाणी लागतं. गोळे चपटे करून, झाकून, तासभर फ्रीजमध्ये.

सफरचंदं आम्ही बागेतून तोडून आणतो. मिशिगनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात ती चंगळच असते. पण सगळी सफरचंदं पायची नव्हेत. मॅकिन्टॉश खायला सुरेख, भाजलं की त्याचा लगदा होतो. ग्रॅनी स्मिथ आंबट आणि ताठ. नॉर्दर्न स्पाय ही न्यूयॉर्क राज्यातली जुनी जात आजींची लाडकी आहे, आणि बागेत मिळाली तर मी तीच घेते. निम्मी आंबट, निम्मी गोड आणि दोन्ही ताठ, हा माझा हिशेब. एका पायला सव्वा ते दीड किलो.

फोडी कच्च्या भरल्या तर त्या भाजताना बसतात आणि वरच्या पारीखाली पोकळी राहते. म्हणून मी त्या साखर, लिंबाचा रस, दालचिनी आणि किसलेलं जायफळ घालून मोठ्या पातेल्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं नुसत्या हलवते. शिजवत नाही. फोड वाकली पाहिजे, तुटता कामा नये. मग परातीत पसरून पूर्ण गार करायच्या, आणि पूर्ण म्हणजे फ्रीजमधून काढल्यासारख्या. कोमट सारण पारीत गेलं तर तासभर गार केलेलं बटर तिथेच वितळतं.

आळायला काय घालायचं, याचं उत्तर मला साबुदाण्यानं दिलं. आजी टॅपिओका वापरायच्या. त्यांच्याकडचं खोकं हातात घेऊन वास घेतला आणि लक्षात आलं की हा तर आपला साबुदाणा. आपल्याकडे उपासाला येतो तो साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचाच असतो. त्या पिठाची खळ गोठून वितळल्यावर कॉर्नफ्लोअरसारखी सहज फुटत नाही. मी घरातला साबुदाणा मिक्सरवर पिठीसाखरेसारखा बारीक करते. ताज्या पायला तीन मोठे चमचे, गोठवायच्या पायला चार, कारण गोठलेलं फळ जास्त रस सोडतं. एकदा जाडसर राहिला होता, तर सारणात पांढरे मणी दिसले. तेवढं सांभाळायचं.

मग पारी लावायची, सारण भरायचं, वरची पारी घालून कडा दाबायच्या. कडांना मी करंजीसारखी मुरड घालते. ती आईची मुरड आहे आणि अमेरिकन पायवर फार शोभते. वरून एरवी वाफेसाठी चिरा पाडतात, त्या गोठवायच्या पायला पाडायच्या नाहीत. तिसऱ्या वर्षी मी पाडल्या होत्या. त्या चिरांमधून सारण वाळलं, कडा पांढुरक्या पडल्या. फ्रीझरमधली हवा फार कोरडी असते, बर्फ वितळल्यावाचून थेट त्या हवेत उडून जातो. तसं झालं की फोड वातड होते आणि भाजून सुधारत नाही.

त्याच वर्षी आणखी एक घडलं. पाय नुसत्या फॉइलमध्ये गुंडाळून सुरमईच्या पाकिटांशेजारी ठेवला होता. बटर म्हणजे स्निग्ध पदार्थ, शेजारचा वास ओढून घेतो. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी दुसरा तुकडा घेतला नाही. मला ते अजून लागून राहिलंय.

आता माझी पद्धत अशी. पाय आधी उघडाच फ्रीझरमध्ये ठेवायचा, चार-पाच तास, बोट दाबून खळगा पडणार नाही इतका टणक होईपर्यंत. ओला असताना गुंडाळला तर प्लास्टिक पारीला चिकटतं आणि मुरड मोडते. टणक झाला की प्लास्टिक रॅपचे दोन घट्ट वेढे, हवा न ठेवता. त्यावर फॉइल. त्यावर कागदी चिकटपट्टी आणि तारीख. मासळी दुसऱ्या टोपलीत.

गोठणं जितकं झटपट, तितके बर्फाचे स्फटिक बारीक आणि फळाचं नुकसान कमी. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन संशोधकाला हे आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या थंडीत दिसलं. तिथले लोक मासा बर्फाळ वाऱ्यात क्षणात गोठवायचे आणि तो महिन्यांनी ताज्यासारखा लागायचा. त्यातूनच झटपट गोठवलेलं अन्न ६ मार्च १९३०ला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत विकायला आलं. घरच्या फ्रीझरला तो वेग नाही, पण आपण त्याला मदत करू शकतो. चारही पाय एकदम कोंबले तर फ्रीझरच गरम होतो आणि आतलं बाकीचंही नरमतं. मी दोन पहिल्या दिवशी ठेवते, दोन दुसऱ्या दिवशी, आणि भिंतीला टेकवून. आमचा तळघरातला वरून उघडणारा डीप फ्रीझर जुना आहे, गारव्याच्या नळ्या त्याच्या भिंतींतच आहेत. तो बर्फ आपोआप काढत नाही, वर्षातून एकदा मला खरवडावा लागतो, पण त्यामुळेच त्याचं तापमान हलत नाही. स्वयंपाकघरातला फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून स्वतःला थोडा तापवतो, आणि दर वेळी पायच्या पोटातले स्फटिक थोडे मोठे होतात. आत थर्मामीटर टांगलेला आहे. उणे १८ अंश सेल्सियस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये शून्य. तिथे अन्न खराब होत नाही, पण चवीला मुदत असते. माझ्या अनुभवात चार महिने उत्तम, सहाव्या महिन्यात पारी जुनी लागते.

चार महिन्यांचं खात्रीनं सांगते, कारण २०२२च्या ऑक्टोबरातले दोन पाय फेब्रुवारीपर्यंत राहिले होते आणि २२ फेब्रुवारी २०२३ला आमच्या भागात बर्फाचं वादळ आलं. पाऊस पडत होता आणि पडल्याजागी गोठत होता. फांद्या तारांवर कोसळल्या, लाखो घरांची वीज गेली. आमची चाळीस तास नव्हती. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर साधारण ४८ तास गारवा धरतो, अर्धा रिकामा असला तर २४. आमचा भरलेला होता. मी त्यावर आईनं शिवलेली गोधडी पांघरली आणि घरात सगळ्यांना सांगितलं, झाकणाला हात लावायचा नाही.

आत एका कोपऱ्यात मी कायम एक पेला ठेवते. त्यात पाणी गोठवलेलं आणि बर्फावर रुपयाचं नाणं. आपल्यामागे फ्रीझर वितळून पुन्हा गोठला असला तर नाणं खाली गेलेलं दिसतं. वीज आल्यावर झाकण उघडून पहिल्यांदा तो पेला काढला. रुपया जिथे होता तिथेच होता, तेल लावल्यासारखा चकचकीत, पण वरच. त्या रविवारी दोन्ही पाय भाजले, कारण गल्लीत दोन घरांत अजून अंधार होता.

भोपळ्याच्या पायबद्दल लोक विचारतात. मी तो गोठवत नाही. त्याचं सारण अंडी-दुधाचं असतं. वितळलं की ते पाणी सोडतं आणि रवाळ होतं. शिवाय अंड्या-दुधाचा पाय दोन तासांवर बाहेर ठेवू नये, त्यामुळे वितळवायचा तोही फ्रीजमध्येच. इतकं करून जे मिळतं त्यापेक्षा आयत्या वेळी केलेला बरा.

तर २०२३. निघण्याआधी मी फ्रीजच्या दारावर कागद लावला. ओव्हन ४२५ फॅरनहाइट, म्हणजे सेल्सियसमध्ये २२० अंश, रिकामा ट्रे आतच तापू द्यायचा. पाय तोपर्यंत फ्रीझरमध्येच. वेष्टण काढा, दुधाचा हात फिरवा, तापलेल्या ट्रेवर ठेवा. दहा मिनिटांनी वरची पारी नरमली की सुरीच्या टोकानं पाच चिरा. पंचवीस मिनिटांनी आच ३७५वर, म्हणजे १९० अंशांवर. कडा लवकर तांबूस झाल्या तर त्यांवर फॉइलची पट्टी. पुढे तासभर. रंगावर जाऊ नका, मधल्या चिरेतून रस दाट बुडबुड्यांनी उकळताना दिसला की काढा. मग तीन तास हात लावायचा नाही. आणि सगळ्यांत वर, लाल शाईनं: वितळू देऊ नका.

मिरजेत दिवाळीला करंज्या मी केल्या, आई खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. साट्याच्या करंज्यांसाठी तूप आणि तांदळाची पिठी फेसताना मी तिला पायची पारी समजावली. बटरचे तुकडे, वाफ, पापुद्रे. तिनं लाटी हातात घेऊन चेपली आणि म्हणाली, "म्हणजे साट्याचीच करंजी की. साटा थरांत लावायच्याऐवजी पिठातच तुकड्यांनी सोडलाय." एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. २३ नोव्हेंबरला रात्री दहाला आई गोळी घेऊन आडवी झाली होती आणि मी तिच्या उशाशी. तिकडे सकाळचे साडेअकरा. लेकीनं व्हिडिओ कॉल लावून फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. नवरा म्हणाला, "बाहेर पाच मिनिटं ठेवू का? फारच टणक आहे गं." मी आणि लेक एकदम म्हणालो, "नको!" आजी मागे खुर्चीत होत्या, मराठी शब्द कळला नसेल, पण मान त्यांनीही हलवली.

दोन्ही पाय आत गेले. दहा मिनिटांनी लेकीनं चिरा पाडल्या. मग मी आईचा पाय उशीवर नीट केला, पाणी भरलं, परत आले. इकडे रात्री साडेअकराच्या सुमारास लेकीनं फोन ओव्हनच्या काचेला लावला. मुरड तांबूस झाली होती. मधल्या चिरेतून रस हळूच वर आला, फुगला, फुटला, पुन्हा आला.

आईनं डोळे मिटूनच विचारलं, "फुटली का गं?"

"नाही. न फुटता रस वर आलाय."

"मग काढा म्हणावं."

सकाळी सहाला फोनवर फोटो आला होता. पांढऱ्या ताटलीत एक तुकडा, बाजूला आजींचा हात. मी तो आईला दाखवला. तिनं चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. वरच्या पारीकडे बघितलंच नाही, थेट खालच्या कडेवर गेली, आणि बराच वेळ तिथेच बघत राहिली.

"तळ कोरडा आहे," ती म्हणाली, आणि फोन मला परत दिला.